छातीतलं पाणी पुन्हा पुन्हा भरतंय? मेसोथेलिओमाबद्दल साध्या भाषेत

"काका, तुम्ही तरुणपणी कुठे कामाला होतात?"

हा प्रश्न आमच्या नानाकाकांना पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा आजारपण सुरू होऊन नऊ महिने झाले होते. तोपर्यंत त्यांच्या उजव्या बाजूचं छातीतलं पाणी तीनदा काढून झालं होतं, टीबीच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला होता आणि वजन चौदा किलोनी उतरलं होतं. पहिल्या दवाखान्यात सगळ्यांनी तंबाखूचं विचारलं, शुगरचं विचारलं, घरात कुणाला टीबी होता का ते विचारलं, पण कामाचं कुणी विचारलं नाही कारण फाईलवर लिहिलं होतं शेतकरी, वय ६८, आणि ते खरंही होतं, गेली पस्तीस वर्षं ते मंडणगड तालुक्यात आमच्या गावी शेतीच करत होते. पण त्याच्या आधी अकरा वर्षं, १९७१ पासून १९८२ च्या संपापर्यंत, ते मुंबईत गिरणीत होते. दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या छातीच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, गिरणीत कुठल्या खात्यात? काका म्हणाले बॉयलरवर, वाफेच्या पायपांना पांढरी दोरी गुंडाळायची आणि वरून पांढऱ्या पावडरीचं लिंपण करायचं, जुनं लिंपण फोडून काढताना तर एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. मॅडमनी लगेच सीटी स्कॅन आणि बायोप्सी लिहून दिली.

ती पांढरी दोरी आणि पावडर म्हणजे ॲस्बेस्टॉस. आणि काकांना जे निघालं त्याचं नाव मेसोथेलिओमा. आम्हाला घरात हा शब्द नीट म्हणता यायलाच आठवडा गेला. तेव्हापासून मी जे डॉक्टरांकडून समजून घेतलं, वाचलं आणि काकांच्या शेजारी बसून पाहिलं ते इथे लिहिते आहे, कारण मुंबईतून रिटायर होऊन किंवा काम सुटून गावी आलेली अशी माणसं कोकणात, घाटावर, सगळीकडे आहेत आणि त्यांच्यापैकी कुणाच्या छातीत पाणी झालं की तो कामाचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जावा असं मला मनापासून वाटतं.

आधी जागा समजून घेऊ. फुफ्फुसाच्या बाहेरून एक पातळ आवरण असतं, त्याला प्लुरा म्हणतात. हे दोन पदरी असतं, एक पदर फुफ्फुसाला चिकटलेला आणि दुसरा बरगड्यांना आतून अस्तरासारखा लागलेला, आणि दोघांच्या मध्ये अगदी चमचा दोन चमचे ओलावा. केळीच्या पानाचे दोन ओले तुकडे एकावर एक ठेवले की कसे अलगद सरकतात, तसे श्वास घेताना हे दोन पदर सरकतात. या पदरांवर ज्या पेशी असतात त्यांना मेसोथेलियल पेशी म्हणतात, त्यांचा कॅन्सर तो मेसोथेलिओमा. म्हणजे हा फुफ्फुसाचा कॅन्सर नाही, फुफ्फुसाच्या आवरणाचा आहे, आणि हा फरक नुसता नावाचा नाही, औषधं वेगळी, ऑपरेशन वेगळं, सगळंच वेगळं. असंच अस्तर पोटातल्या आतड्यांवर असतं, तिथेही हा होतो, फार क्वचित हृदयाभोवतीच्या आवरणाला किंवा पुरुषांच्या वृषणाभोवतीही होतो. पण सगळ्यात जास्त छातीतच.

आता ॲस्बेस्टॉस. हा कुठला केमिकल कंपनीत बनवलेला पदार्थ नाही, जमिनीतून निघणारा दगड आहे, पण असा दगड की जो कुटला की त्याचे तंतू सुटतात, कापसासारखे. जळत नाही, गंजत नाही, आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाही, स्वस्त, आणि विणता येतो. म्हणून बॉयलर, जहाजं, रेल्वेचे कारखाने, वीज केंद्रं, ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट, गॅस्केट, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त म्हणजे सिमेंटचे पत्रे आणि पाईप, सगळीकडे तो गेला. पांढरा, निळा आणि तपकिरी असे तीन प्रकार जास्त वापरात होते. निळा आणि तपकिरी जास्त घातक, पण पांढराही निर्दोष नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं सगळ्याच प्रकारांना माणसात कॅन्सर करणारे म्हणून पहिल्या गटात टाकलेलं आहे.

हे तंतू करतात काय? पावसाळा संपल्यावर वाळलेल्या गवतातून चाललात तर धोतराला, साडीला कुसळं लागतात ना, ती एकाच दिशेनं आत आत सरकतात, उलटी निघत नाहीत. ॲस्बेस्टॉसचा तंतू तसाच समजा, फक्त डोक्याच्या केसापेक्षा शेकडो पट बारीक, डोळ्याला दिसतच नाही. श्वासाबरोबर आत जातो, खोल जातो, आणि त्यातले काही हळूहळू प्लुरापर्यंत पोचतात. शरीरात साफसफाई करणाऱ्या पेशी असतात, त्या अशा परक्या गोष्टी गिळून टाकतात, पण हा तंतू पेशीपेक्षा लांब, त्यामुळे गिळताही येत नाही आणि सोडताही येत नाही, घशात बांगड्याचा काटा आडवा बसावा तसं होतं. मग त्या जागी सूज राहते, एक दोन दिवस नाही, वीस वीस तीस तीस वर्षं. या सततच्या जळजळीत पेशींच्या डीएनएला मार बसत राहतो, पेशींची वाढ आवरून धरणारे जे जीन्स असतात ते एकेक करून निकामी होतात, आणि कधीतरी एक पेशी बेबंद वाढायला लागते.

म्हणूनच हा आजार इतका उशिरा येतो. ॲस्बेस्टॉसशी पहिला संबंध आणि आजार दिसणं यात साधारण २० ते ५० वर्षं जातात. काकांच्या बाबतीत ४७ वर्षं गेली. एवढ्या काळात माणूस नोकरी बदलतो, गाव बदलतो, कारखाना पडून तिथे टॉवर होतो आणि त्या धुळीची आठवणही राहत नाही.

हा संबंध पक्का झाला तो १९६० मध्ये. दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर, स्लेग्ज आणि मर्चंड या तीन डॉक्टरांनी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातले ३३ पेशंट मांडले, आणि त्यातले सगळे खाणकामगार नव्हते, काही नुसते त्या भागात राहिलेले होते, लहानपणी तिथल्या ढिगाऱ्यांवर खेळलेले होते. त्यानंतर ब्रिटन, इटली, ऑस्ट्रेलिया सगळीकडून तेच चित्र आलं. इटलीत कझाले मोन्फेर्रातो नावाचं छोटं शहर आहे, तिथला ॲस्बेस्टॉस सिमेंटचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला पण त्यानंतरही अनेक वर्षं तिथे हा आजार निघत राहिला. ब्रिटननं निळा आणि तपकिरी १९८५ मध्ये, पांढरा १९९९ मध्ये बंद केला, तरी अजून तिथे दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसं मेसोथेलिओमानं जातात. म्हणजे आज बंदी घातली तरी फळ तीस चाळीस वर्षांनी.

आपल्या देशातल्या खाणी बंद आहेत, पण पांढरा ॲस्बेस्टॉस दरवर्षी लाखो टन बाहेरून येतो, रशिया, कझाकस्तान, ब्राझीलहून, आणि त्याचा बहुतेक भाग पत्र्यांत जातो. मुंबईत मुलुंडला पत्र्यांचा कारखाना होता, घाटकोपरला ब्रेक लायनिंग वगैरेचा, दारुखान्याला जहाजं तोडायचं काम. २००५ मध्ये मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कंपोझिट मिलमधल्या कामगारांच्या तपासणीचा अभ्यास छापून आला, त्यात १८१ कामगारांपैकी ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे या धुळीनं फुफ्फुस कडक होण्याचा आजार, निघाला होता. आणि हे तेव्हा कामावर असलेले कामगार होते, सोडून गेलेल्यांची तर मोजदादच नाही.

इथे एक गोंधळ सोडवते कारण रिपोर्ट हातात आला की घरचे याच शब्दांत अडकतात. प्लुरल प्लाक म्हणजे आवरणावर पडलेले घट्टे, हाताला घट्टे पडतात तसे. तो कॅन्सर नाही आणि त्याचा कॅन्सर होत नाही, तो फक्त सांगतो की या माणसानं ॲस्बेस्टॉस श्वासात घेतलेला आहे. ॲस्बेस्टॉसिस म्हणजे फुफ्फुसाच्या आतच जाळं धरणं, फुफ्फुस कडक होणं, तो साधारण खूप वर्षं खूप धूळ खाल्लेल्याला होतो, तोही कॅन्सर नाही पण दम घालवतो. तिसरा फुफ्फुसाचा कॅन्सर, यात ॲस्बेस्टॉस आणि विडी सिगरेट एकत्र आले की धोका नुसता वाढत नाही, गुणाकार झाल्यासारखा वाढतो. आणि चौथा मेसोथेलिओमा, ज्याचा तंबाखूशी संबंध नाही. काकांनी आयुष्यात विडी ओढली नव्हती, त्यामुळे काकू सारखी म्हणायची की निर्व्यसनी माणसाला कसं झालं, तर हे असं झालं.

अजून एक. आवरणाच्या आजाराला धूळ किती लागते? ॲस्बेस्टॉसिसला लागते तेवढी नाही. थोड्या महिन्यांच्या कामातूनही, किंवा कामावरून आलेल्या माणसाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकोलाही झाल्याच्या केसेस जगभर नोंदलेल्या आहेत. जेवढी धूळ जास्त तेवढा धोका जास्त हे आहेच, पण कमी धूळ म्हणजे बिनधोक असं म्हणता येत नाही. त्याच वेळी हेही खरं की ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्या बहुतेकांना मेसोथेलिओमा होत नाही. काहींच्या घराण्यातच बॅप-वन नावाचा जीन बिघडलेला असतो, त्यांना धोका जास्त, म्हणून घरात डोळ्याचा, किडनीचा आणि हा कॅन्सर असे वेगवेगळे दोन तीन जणांना असतील तर डॉक्टरांना सांगावं.

लक्षणं फार साधी असतात आणि तीच अडचण आहे. चढ चढताना दम लागणं, एका बाजूला छातीत जड जड वाटणं किंवा ठणकणं, खांद्यापर्यंत जाणारं दुखणं, कोरडा खोकला, भूक मरणं, वजन उतरणं, कधी रात्री घाम. पोटातला असेल तर पोट फुगतं, पाणी होतं. आता यातलं काय टीबीत होत नाही? आपल्याकडे छातीत एका बाजूला पाणी म्हटलं की डॉक्टरच्या मनात टीबी पहिला येणार आणि यायलाच हवा, टीबी खरंच जास्त आहे. पाणी तपासलं तर दोन्हींत लिम्फोसाईट नावाच्या पेशी जास्त असू शकतात, टीबीसाठी एडीए नावाची टेस्ट करतात तीही मेसोथेलिओमात कधी कधी वाढलेली येते. म्हणून मी पहिल्या डॉक्टरांना दोष देत नाही. पण गोळ्या चालू असताना पाणी परत भरतंय, वजन चढायच्या ऐवजी उतरतंय, पाण्यात टीबीचे जंतू कधी सापडलेच नाहीत, रक्तमिश्रित पाणी येतंय, अशा वेळी "अजून दोन महिने गोळ्या घेऊ" इथे थांबू नका, विचारा की तुकडा काढून बघायचा का.

तुकडा म्हणजे बायोप्सी, आणि निदानाची खरी किल्ली तीच. एक्सरेमध्ये फक्त पाणी दिसतं. रंग देऊन काढलेल्या सीटीमध्ये आवरण जाड झालेलं, खडबडीत झालेलं दिसतं, कारण हा कॅन्सर एका जागी गाठ म्हणून वाढत नाही, चिऱ्याच्या भिंतीवर पावसाळ्यात शेवाळ धरतं तसा पसरत जातो आणि फुफ्फुसाभोवती साल धरतो. नुसत्या पाण्यातल्या पेशी बघून बऱ्याचदा पक्कं सांगता येत नाही, रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आणि आम्ही तर त्या निगेटिव्हवर पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पाण्याच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर दिसला नाही म्हणजे कॅन्सर नाही असं होत नाही, हे कुणीतरी आम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

थोरॅकोस्कोपी नावाच्या तपासणीत बरगड्यांच्या मधून छोटं छिद्र करून कॅमेरा आत घालतात, पाणी पूर्ण काढतात, आवरण डोळ्यांनी बघतात आणि नेमक्या संशयित जागेचे भरपूर तुकडे घेतात. यात नव्वद टक्क्यांच्या वर निदान होतं. त्याच वेळी पाणी परत भरू नये म्हणून औषधी टाल्क पावडर आत फवारून दोन पदर चिकटवूनही टाकता येतात, म्हणजे एका भुलीत दोन कामं. जिथे ही सोय नाही तिथे सीटीत बघत सुईनं तुकडा घेतात, तेही चालतं.

तुकडा लॅबमध्ये गेल्यावर नुसतं मायक्रोस्कोपखाली बघून भागत नाही कारण फुफ्फुसाचा एक कॅन्सर अगदी याच्यासारखा दिसतो. म्हणून आयएचसी म्हणजे खास रंगांच्या टेस्ट करतात. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-वन हे रंग धरले तर बाजू मेसोथेलिओमाची, टीटीएफ-वन, क्लॉडिन-फोर हे धरले तर दुसऱ्या कॅन्सरची, आणि बॅप-वन पेशीतून गायब असेल तर ती पेशी कॅन्सरचीच असण्याला मोठा आधार. रिपोर्ट यायला आठवडा दहा दिवस लागतात, ते दिवस फार वाईट जातात पण घाई करून अर्धवट रिपोर्टवर केमो सुरू करण्यापेक्षा थांबलेलं बरं. शंका असेल तर तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक आणि मायक्रोस्कोपच्या काचा घेऊन परळला टाटामध्ये किंवा तुमच्या जवळच्या मोठ्या कॅन्सर सेंटरमध्ये दुसरं मत घेता येतं, पेशंटला न्यावंच लागतं असं नाही. ब्लॉक हा तुमचा आहे, मागून घ्या.

रिपोर्टमध्ये एक शब्द नीट बघा, एपिथेलिऑइड, सार्कोमॅटॉइड की बायफेजिक. एपिथेलिऑइड सगळ्यात जास्त जणांना असतो आणि त्यातल्या त्यात सावकाश चालतो. सार्कोमॅटॉइड वेगानं जातो आणि केमोला फार दाद देत नाही. बायफेजिक म्हणजे दोन्हींचं मिश्रण. पुढची ट्रीटमेंट आणि अंदाज बऱ्यापैकी या एका शब्दावर ठरतो. मग पेट स्कॅन करून कुठवर पसरलंय ते बघतात, त्यावरून एक ते चार स्टेज.

ट्रीटमेंटबद्दल सरळ सांगते. छातीतला मेसोथेलिओमा मुळापासून बरा होणं फार दुर्मिळ आहे. पण "काही करण्यासारखं नाही" हेही खोटं आहे.

बरीच वर्षं मुख्य आधार केमोचा होता आणि आपल्याकडे खर्चामुळे अजूनही बहुतेकांना तोच आहे. पेमेट्रेक्सेड आणि त्याच्या जोडीला सिस्प्लॅटिन, किंवा किडनी, वय बघून कार्बोप्लॅटिन. दर २१ दिवसांनी एक डोस, साधारण चार ते सहा डोस. २००३ च्या मोठ्या अभ्यासात नुसत्या सिस्प्लॅटिनवर मीडियन आयुष्य (म्हणजे मधल्या पेशंटचं, पुढे नीट सांगते) ९.३ महिने होतं ते या जोडीनं १२.१ झालं. पेमेट्रेक्सेडचं जेनेरिक औषध मिळतं. याच्यासोबत फॉलिक ॲसिडची रोजची गोळी आणि बी-१२ चं इंजेक्शन केमोच्या आठवडाभर आधीच सुरू करायचं असतं, हे विसरलं तर रक्ताच्या पेशी पडतात, तोंड येतं, म्हणून पहिल्या डोसच्या आधी स्वतःहून आठवण करा. आणि गुडघेदुखीच्या, अंगदुखीच्या ज्या गोळ्या आपण मेडिकलमधून न विचारता आणतो, ब्रुफेनसारख्या, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या काळात घेऊ नका, किडनी कमजोर असेल तर औषध अंगात साठतं.

दुसरा मार्ग इम्युनोथेरपी. शरीराच्या संरक्षक पेशींना कॅन्सरनं जो ब्रेक लावून ठेवलेला असतो तो हे औषध सोडवतं. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब या जोडीला अमेरिकेत ऑक्टोबर २०२० मध्ये मान्यता मिळाली, ६०५ पेशंटच्या अभ्यासात केमोवाल्यांचं मीडियन १४.१ महिने तर या जोडीचं १८.१, आणि सार्कोमॅटॉइड, बायफेजिकवाल्यांत तर ८.८ विरुद्ध १८.१, म्हणजे ज्यांना केमोचा उपयोग कमी त्यांना याचा फायदा सगळ्यात जास्त. तीन वर्षांनी हयात असणारे २३ टक्के विरुद्ध १५ टक्के. अडचण पैशांची, हे औषध लाखांत जातं आणि दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचं असतं. कंपन्यांचे पेशंटसाठीचे सवलतीचे प्रोग्रॅम असतात, हॉस्पिटलच्या सोशल वर्करला गाठून विचारा, लाजू नका. पण घर, शेत विकून हे औषध घ्यायचं का हा निर्णय डॉक्टरांशी आकडे समोर ठेवून बोलून आणि पेशंटला विचारून घ्या. आमच्या काकांनी स्वतः सांगितलं होतं, जमिनीला हात लावायचा नाही. त्यांचं ऐकलं.

इम्युनोथेरपी सुरू असताना जुलाब, अचानक वाढलेला दम, खूप थकवा, अंगावर पुरळ असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, ब्रेक सुटलेल्या पेशी कधी कधी स्वतःच्याच आतड्यांवर, फुफ्फुसावर, थायरॉइडवर जातात, त्यावर स्टेरॉइड लवकर द्यावं लागतं.

ऑपरेशनबद्दल मत बदलत चाललंय. पूर्वी अख्खं फुफ्फुस आवरणासकट काढायचे, ते आता जवळपास मागे पडलं. फुफ्फुस ठेवून नुसतं आवरण सोलून काढायचं ऑपरेशन करतात, पण ब्रिटनमधल्या ३३५ पेशंटच्या २०२४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात केमोसोबत हे ऑपरेशन केलेल्यांचं मीडियन १९.३ महिने आणि नुसती केमो घेतलेल्यांचं २४.८ आलं, शिवाय त्रासही ऑपरेशनवाल्यांना जास्त. म्हणून कुणी लगेच "काढून टाकू" म्हणालं तर निदान एक दुसरं मत घ्याच. पोटातल्या मेसोथेलिओमाची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे दिसणारं सगळं काढून पोटात गरम केमो फिरवतात, त्याला हायपेक म्हणतात, आणि २००९ च्या ४०५ पेशंटच्या अभ्यासात निवडक पेशंटपैकी ४७ टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. छाती आणि पोट, आजाराचं नाव एकच पण अंदाज एवढा वेगळा.

मीडियन हा शब्द मी वर इतक्यांदा लिहिला, तो आम्हाला डॉक्टरांनी सांगितला तेव्हा काकू तिथेच बसली, तिला वाटलं बारा महिने म्हणजे मुदत लिहून दिली. तसं नाही. शंभर पेशंट ओळीनं उभे केले तर पन्नासावा जिथे पोचला तो आकडा मीडियन. पन्नास जण त्याच्या अलीकडे, पन्नास पलीकडे, आणि पलीकडच्यांतले काही फार लांब जातात. स्टीफन जे गूल्ड नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ होते, त्यांना १९८२ मध्ये पोटातला मेसोथेलिओमा निघाला, तेव्हा मीडियन आठ महिने होतं, ते वीस वर्षं जगले आणि २००२ मध्ये गेले ते दुसऱ्याच कॅन्सरनं. सगळ्यांचं असं होत नाही. काका निदानानंतर सतरा महिने होते, त्यातले अकरा बारा महिने चांगले गेले, एक गणपती पूर्ण उभ्यानं केला त्यांनी.

ते महिने चांगले का गेले याचं मोठं कारण केमो नव्हतं, दम आणि दुखणं आवरलं गेलं हे होतं. काकांच्या छातीत टाल्क नीट चिकटलं नाही म्हणून डॉक्टरांनी एक मऊ नळी कायमची बसवली, बाहेर झाकण असलेली, दर दोन तीन दिवसांनी काकू घरीच पाणी काढायची, सुरुवातीला हात थरथरायचे तिचे, नंतर नर्ससारखी करायला लागली. दर वेळी गाडी करून तालुक्याला, तिथून पुढे जायचं वाचलं. एका जागी बरगडीत फार दुखायचं तिथे थोडी रेडिएशन दिली, दुखणं उतरलं. आणि मॉर्फिन. मॉर्फिन म्हटल्यावर अख्खं घर रडायला लागलं होतं, की आता शेवट आला. मॉर्फिन हे शेवटचं औषध नाही, ते दुखण्याचं आणि दम लागल्याची घाबरगुंडी कमी करण्याचं औषध आहे, छोट्या डोसनं सुरू करतात, सोबत पोट साफ व्हायचं औषध देतात कारण मॉर्फिननं शौचाला होत नाही, आणि नीट दिलं तर माणूस जागा, बोलता, जेवता राहतो. पॅलिएटिव्ह केअरवाल्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्याचं बघणाऱ्या, डॉक्टरांना निदान झाल्याबरोबरच भेटा, शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका. आम्ही पाच महिने उशीर केला, ते पाच महिने काका रात्री बसून काढायचे.

आता पत्र्यांचं, कारण हे वाचून कुणीतरी वर छताकडे बघणार. कोकणात माकडं कौलं ठेवत नाहीत म्हणून घरोघरी, गोठ्यांवर, पडवीवर सिमेंटचे पत्रे आले. शाबूत पत्र्याखाली झोपल्यानं धोका फार कमी आहे, तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात. धोका तो कापताना, भोक पाडताना, फोडताना, कोरडा घासताना. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगड आणि आमच्या भागात पत्र्यांचा चुरा झाला आणि आम्ही सगळ्यांनी, पोरांसकट, तो झाडूनं गोळा केला, काही जणांनी रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून टाकला. तसं करायचं नसतं. तुकडे आधी पाण्यानं भिजवायचे, झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, चांगला एन-९५ मास्क लावायचा, तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवायचे आणि ग्रामपंचायतीला कळवायचं, अंगावरचे कपडे वेगळे भिजवून धुवायचे. कटरनं पत्रा कापणारा गवंडी किंवा फॅब्रिकेटर असेल तर त्याला हे सांगा, त्याचं पूर्ण आयुष्य त्या धुळीत जातं.

तुमच्या घरात कुणी असं काम केलेलं असेल आणि आज ठणठणीत असेल तर घाबरून दर महिन्याला स्कॅन करू नका, त्यानं हा आजार टळत नाही. विडी, सिगरेट असेल तर बंद करा कारण फुफ्फुसाच्या कॅन्सरचा गुणाकार तरी थांबतो, दम किंवा एका बाजूचं दुखणं दोन तीन आठवड्यांच्या वर राहिलं तर एक्सरे काढा, आणि प्रत्येक नवीन डॉक्टरला, तो विचारो न विचारो, सांगा की मी अमुक साली अमुक खात्यात ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलं होतं. काकूचीही आम्ही तपासणी करून घेतली कारण ते कपडे तिनं अकरा वर्षं चाळीच्या मोरीत झटकून धुतलेत. सध्या सगळं ठीक आहे.

शेवटी कागदांचं. सर्वोच्च न्यायालयानं २७ जानेवारी १९९५ ला अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या अर्जावर निकाल दिला, त्यात ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या तब्येतीचं रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यात जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायचं असं सांगितलंय, आणि आजार झालेल्यांना भरपाईचाही आदेश होता. पण अर्ज करायचा तर त्या खात्यात काम केल्याचा पुरावा लागतो. आमच्या काकांचा गिरणीचा पास, पीएफची एक पावती आणि बॉयलर खात्यातल्या चौघांसोबतचा एक फोटो काकूच्या लोखंडी ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली सापडला. फोटोतले एक जण अजून साताऱ्याकडे आहेत, त्यांनी लिहून दिलं. तुमच्याकडेही असं काही असेल तर आजच शोधून त्याच्या झेरॉक्स काढून ठेवा, बायोप्सीच्या मूळ रिपोर्टला जोडून ठेवा, आणि माणूस गेला तर मृत्यूच्या कागदावर नुसतं "श्वास बंद पडल्याने" लिहू देऊ नका, डॉक्टरांना मेसोथेलिओमा हा शब्द आणि जुनं काम दोन्ही लिहायला सांगा.